भिंतीवरचा कागद

सुट्टीवर आलेला माणूस सोबत कुकर आणत नाही...

सकाळच्या गाडीनं शिवशंकर संभाजीनगरहून आला आणि त्यानं ओसरीवर सामान टेकवलं, तेव्हा नेहमीच्या दोन बॅगांशेजारी गोणपाटात गुंडाळलेलं एक तिसरं बोचकं होतं, आणि त्या बोचक्यातून कुकरची काळी मूठ बाहेर डोकावत होती. सासूबाई नर्मदाबाई नातीच्या वेण्या घालण्यात गुंग होत्या. सासरे उत्तमराव, ज्यांना सगळं घर बापू म्हणे, चष्मा पुसत होते. मोठे दीर बालाजी दुकानाच्या किल्ल्या घेऊन पायऱ्या उतरत होते. ती मूठ कुणालाच दिसली नाही. दिसली ती फक्त त्याच्या बायकोला, प्रतिक्षाला... आणि तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

ती त्याच्या मागोमाग माडीवर गेली. चार वर्षांची सेवा अर्धी वेणी सोडून बापामागं धावत आलीच होती.

"कुकर काहून आणला?" तिनं हळूच विचारलं.

शिवशंकरनं दार लोटून घेतलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, खिडकीतून दिसणाऱ्या एसटी स्टँडकडं पाहिलं.

"कंपनीनं अकरा दुकानं बंद केली. माझं त्यातच होतं."

"पण तुम्ही तर पर्मनंट..."

"पर्मनंटच होतो. मेलमध्ये तसंच लिहिलंय, आपल्या पर्मनंट कर्मचाऱ्यांचे आम्ही आभारी आहोत म्हणून." तो हसला. "लोकांनी औषधं निम्मी केली प्रतिक्षा. मधुमेहाची गोळी दिवसाआड घेऊन राहिलेत. जिथं पाच फार्मासिस्ट होते तिथं दोन पुरतात."

मग त्यानं अचानक तिचा हात धरला आणि सेवाच्या अर्ध्या विंचरलेल्या केसांवर ठेवला.

"कुणाला सांगायचं नाही. महिन्याभरात मी दुसरीकडं चिकटतो, मग मीच सांगेन. दादाला तर अजिबातच नाही. म्हण, सेवाची शपथ."

"अहो, लेकराची शपथ कशाला..."

"दादाला कळलं तर तो काही बोलणार नाही. तो नुसता भिंतीकडं बघेल. म्हण."

ती म्हणाली. औषधशास्त्र शिकलेली, प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेली, ताप मोजल्याशिवाय औषध न देणारी प्रतिक्षा... पण लेकराच्या डोक्यावरचा हात शास्त्राला विचारून ठेवला जात नाही. दीड वर्षाची असताना तापात सेवाला झटका आला होता. ते पांढरे झालेले डोळे त्या आईच्या अंतःकरणात अजून तसेच उघडे होते. शपथ सुटली तर... याच्यापुढं तिचा विचार जात नसे.

आणि भिंत म्हणजे कोणती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सेनगावात स्टँडसमोर बापूंचं औषधाचं दुकान होतं. पण नोंदणीकृत फार्मासिस्टचा कागद भिंतीवर असल्याशिवाय दुकान चालत नाही, आणि तो कागद ना बापूंकडं होता ना बालाजीकडं. शिवाय एक कागद एकाच ठिकाणी चालतो. थोरल्या बालाजीनं दहावीनंतर शाळा सोडून दुकान धरलं, धाकट्या शिवाला फार्मसी शिकवली, आणि त्या धांदलीत त्याचं लग्न राहून गेलं ते गेलंच. शिवा शिकला. पण त्याचा कागद दुकानात आला नाही. पुरुष माणसाचा कागद, नोकरीसाठी मोकळा पाहिजे, असं ठरलं. मग बापू सून शोधायला निघाले. हट्टा या गावी, प्रतिक्षाच्या माहेरी, पाहण्याच्या कार्यक्रमात त्यांनी स्वयंपाकाचं विचारलं नाही, गाण्याचं विचारलं नाही. पोह्याची प्लेट हातात तशीच धरून म्हणाले, "रजिस्ट्रेशन झालं का पोरीचं? हुंडा न्हाई लागत आमाला, बाकी काईच न्हाई लागत."

तिच्या वडिलांच्या डोळ्यांत तेव्हा कृतज्ञतेचं पाणी आलं होतं.

लग्नानंतर सोळाव्या दिवशी तिचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लागलं. "वरीसभर," बापू म्हणाले होते. त्या वर्षाची पाच वर्षं झाली. तपासणी कडक झाल्यापासून नुसता कागद पुरेना, माणूसही समोर लागे. म्हणून सकाळी दहापासून संध्याकाळी आठपर्यंत प्रतिक्षा त्या कागदाखाली स्टुलावर बसे. बाळंतपणाला माहेरी गेली, बारसं झालं आणि दुसऱ्याच दिवशी जीप दारात उभी. भावाच्या हळदीला ती पोचली तेव्हा हळद धुऊन झाली होती. "फार्मासिस्ट कुठं हाय?" असं कुणी साहेब येऊन विचारील, या एका प्रश्नासाठी तिचं तारुण्य त्या दुकानात राखणीला बसलं होतं. घरच्या माणसाला कुठं पगार असतो? तिनं कधी मागितलाही नव्हता.

आणि त्या दुकानात ती ज्यांच्यासोबत दहा-दहा तास असे, ते बालाजी तिच्याशी एक शब्द बोलत नसत. रागानं नव्हे. भायानं, म्हणजे थोरल्या दिरानं, भावजयीशी थेट बोलायचं नाही, ही त्या घराची रीत. सेवा जन्मण्याआधी ते गिऱ्हाइकाशी बोलत, "ह्या गोळ्या जेवल्यावर का जेवणाआधी, आतून इचारून घ्या बरं काका." सेवा बोलू लागली तसं सगळं तिच्यातून जाऊ लागलं. "सेवा, तुझ्या आईला सांग, पाऊस येऊन राहिला, छत्री घेऊन जाय म्हणावं." आणि प्रतिक्षा तीन हात अंतरावर उभी राहून म्हणे, "सेवा, काकांना सांग, छत्री आणली आहे." लोक हसत. गिऱ्हाईक असलेला म्हातारा ग्यानबा तर एकदा म्हणाला होता, "हे लेकरू शाळंत गेलं की तुमचं दुकान मुकं व्हईल रे बालाजी."

पण पावसाची छत्री त्यांच्याच लक्षात असे, हेही तितकंच खरं.

शिवशंकर आल्यानंतर पाचव्या दिवशी प्रतिक्षाच्या फोनवर पत्र आलं. दीड वर्षापूर्वी, बापूंची परवानगी कशीबशी काढून, तिनं एक परीक्षा दिली होती. जीपनं अर्ध्या तासावर असलेल्या एका गावच्या आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून तिची निवड झाली होती. कंत्राटी, अकरा महिन्यांची. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं. आणि त्याआधी, सध्याच्या दुकानातून नाव कमी करून घ्यायचं.

तिनं ते पत्र सात वेळा वाचलं. प्रत्येक वेळी ती शेवटच्या ओळीशी येऊन थांबली.

जेवताना तिनं ते सांगितलं.

"अकरा महिन्यांची?" बापू म्हणाले. "अन् मंग?"

"मग वाढवतात. काम बरं असेल तर..."

"काम तर शिवाचंबी बरं हाय. पक्की नोकरी म्हंजे ती. ही काय, लोणचंबी बारा महिने टिकतं." ते वाईट माणूस नव्हते, हिशेबी होते. "दुकानात नवा माणूस आणला तर तुझा पगार तेला द्यायचा. तू जीपचे धक्के खायचे अन् मिळकत दुसऱ्याची. ह्याच्यात आपला काय फायदा, मला समजून सांग."

प्रतिक्षानं शिवशंकरकडं पाहिलं. तो भाकरीचा तुकडा वरणात बुडवत होता, पुन्हा पुन्हा, तो विरघळून जाईपर्यंत.

तुमचा कागद मोकळा आहे... तिच्या डोळ्यांनी म्हटलं. बोला. एवढंच बोला.

"भाजीत मीठ बरोबर आहे आज," शिवशंकर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना तिनं त्याला गाठलंच. "तुम्ही दादांना सांगा ना. लाज कसली त्यात? तुमचा कागद दुकानात लागला की माझा सुटेल. दोघांपैकी एकाची तरी कमाई चालू होईल घरात."

तो एकदम उठून उभा राहिला. "नाही. ते सोडून काहीही सांग. एकदा तिथं टांगला की उतरत नाही प्रतिक्षा. आठ वर्षं मी शहरात काढली ती काय शेवटी त्या स्टुलावर बसायला? तिथं बसलं की माणूस संपतो..."

आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तो खाली निघून गेला. प्रतिक्षा हातात सेवाचा लहानसा फ्रॉक घेऊन तशीच उभी राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, याला समजत नाही, म्हणून हा बोलत नाही. शहरात राहतो, कसा समजणार... आज तिला कळलं, त्याला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तिनं फ्रॉकची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

दिवस जाऊ लागले. दुसरा फार्मासिस्ट शोधायला बालाजी दोनदा हिंगोलीला जाऊन आले. नुसता कागद द्यायला आता कुणी धजत नव्हतं, आणि दिवसभर बसायला तयार असलेले जो पगार मागत तो त्या पडत्या दुकानाला झेपणारा नव्हता. सोयाबीनला भाव नाही तर औषधाला गिऱ्हाईक नाही. माणसं येऊन पाकिटातल्या दोनच गोळ्या कापून मागत, आणि बालाजी कातरीनं पाकीट कापून देत. पत्र आल्यापासून सातव्या दिवशी सेवाला ताप भरला. तो साधाच होता, दोन दिवसांत उतरला. पण त्या दोन दिवसांत प्रतिक्षा तिच्या उशाशी बसून स्वतःच्या मनालाही बजावत राहिली, मी कुणाला काही सांगितलेलं नाही, मनातसुद्धा नाही...

दहाव्या दिवशी दुकानात कुणी नसताना बालाजी काउंटर पुसता पुसता थांबले.

"सेवा, तुझ्या आईला सांग. नोकरी धर म्हणावं."

सेवा बाहुलीला इंजेक्शन देत होती. "आई, नोकरी धर."

"सेवा, काकांना विचार, मग दुकान?"

"दुकान बंद करतो. तिला सांग, हिंगोलीत एका मेडिकलवाल्यानं मला सेल्समन म्हणून ये म्हणलंय. बावीस वर्षं मालक म्हणून उभा राहिलो, आता नोकर म्हणून राहीन. उभंच राह्यचंय, त्यात काय फरक?"

"काकांना फरक पडत नाही," सेवानं आपल्या पद्धतीनं निरोप पोचवला.

प्रतिक्षानं मान वर केली. बालाजी तिच्याकडं पाठ करून औषधांची खोकी सरळ करत होते, जी आधीच सरळ होती. कानामागचे त्यांचे केस पांढरे झाले होते. या माणसानं एका भावाला शिकवण्यासाठी आपलं आयुष्य दिलं, आणि आता त्या भावाच्या बायकोसाठी उरलंसुरलंही देऊन टाकतोय, आणि तेही एका चिमुरडीच्या तोंडून... कारण याला खरं काय ते कुणी सांगितलेलंच नाही. एक वाक्य. शिवाची नोकरी गेली आहे. एवढं एक वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि समोर सेवा बाहुलीच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहत होती.

"सेवा," ती म्हणाली, "काकांना सांग, मला नाही करायची नोकरी. मला... झेपणार नाही ते."

त्या संध्याकाळी बालाजींनी घरातही सगळ्यांपुढं दुकान बंद करायची गोष्ट काढली, पण तिनं नकाराचं पत्र लिहिलं. नर्मदाबाई चुलीशी बसून म्हणाल्या, "बरं झालं बाई. पण इतकं शिकून उपेग काय, हिंमतच न्हाई तर. तुज्या जागी असते तर म्या उडत गेले असते. जीपंत बसायला घाबरते ही." त्या लागेल असं बोलल्या आणि तव्यावरची पहिली गरम भाकरी तिच्याच ताटात टाकली. प्रतिक्षानं मान खाली घालून ती खाल्ली. सांगता येत नाही असं दुःख असलं की टोमणासुद्धा आधार वाटतो.

"मला उद्या हिंगोलीला काम आहे," शिवशंकर म्हणाला. "देतो मी आरोग्य खात्याच्या कार्यालयात." त्यानं पत्र घडी करून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवशंकर गेला. अकराच्या सुमारास एका कंपनीचा विक्री प्रतिनिधी नरसिंग दुकानात आला. बॅग काउंटरवर ठेवून त्यानं घाम पुसला.

"मालक, काही ऑर्डर?"

"ऑर्डर कशाची देऊ, मागचंच फडताळात पडून हाय."

"सगळीकडं हेच. चार जिल्हे फिरून राहिलो, एकच रड. मोठ्या मोठ्या लोकांची हवा गेली, आपलं काय. तुमच्या शिवादादांच्या कंपनीनं तर एका झटक्यात अकरा दुकानं बंद केली. दादा आले असतील की घरी? तीन हप्ते झाले त्याला."

बालाजींच्या हातातली कातर थांबली.

"कोणती अकरा?"

"अहो, ते काम करत तेही..." नरसिंगनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा स्टुलावरच्या प्रतिक्षाकडं, आणि बॅग उचलली. "मी येतो मालक. पुढच्या खेपेला बघू."

तो गेल्यावर दुकानात फक्त फ्रीजची घरघर उरली. मग बालाजी वळले. सेवा शेजारच्या दुकानात खेळायला गेली होती. मध्ये कुणीच नव्हतं.

"प्रतिक्षा."

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलं. ती स्टुलावरून उठून उभी राहिली.

"शिवाची नोकरी गेली व्हय?"

तिनं ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून धार लागली. तिची नजर मात्र अनावरपणे शेजारच्या दुकानाकडं, सेवाच्या डोक्याकडं गेली. बालाजी त्या नजरेमागं गेले. त्यांनी लेकराकडं पाहिलं. आईकडं पाहिलं.

"शपथ घातली का त्यानं? लेकराची?"

ती भिंतीला टेकून खाली बसली.

बालाजी काउंटरमागून बाहेर आले, तिला बाहेर येऊ दिलं आणि भरदिवसा साडेअकराला त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. पलीकडचा पानवाला उठून उभा राहिला. "काय झालं बालाजीभाऊ? कोण गेलं?"

"कोणी न्हाई गेलं," बालाजी म्हणाले. "चाल सेवा."

घरी ते ओसरीवर बसून राहिले. जेवले नाहीत. बापूंनी दोनदा विचारलं, नर्मदाबाईंनी चारदा. "शिवा येऊ द्या," एवढंच उत्तर. प्रतिक्षा आतल्या खोलीत, दाराच्या फटीतून रस्ता पाहत होती. आपण काही बोललो नाही, आपण काही बोललो नाही, असं तिचं मन पुटपुटत होतं, आणि तरीही आता जे होईल ते आपल्यामुळंच, हे भय छातीवर बसलं होतं.

साडेपाचला शिवशंकर आला. चप्पल काढतानाच त्यानं भावाला पाहिलं आणि तो पायरीवरच थांबला.

"पत्र दिलं?" बालाजींनी विचारलं.

शिवशंकरनं खिशात हात घातला. घामानं मऊ झालेली ती घडी त्यानं बाहेर काढली. "नाही. कार्यालयाच्या दारापर्यंत गेलो होतो. मग स्टँडवर बसून राहिलो."

"काहून?"

शिवशंकर ती घडी उलटसुलट करत राहिला.

"नोकरी गेली तुझी."

नर्मदाबाईंच्या हातून सूप निसटलं. बापू अर्धवट उठले. "काय बोलून राहिला तू बालाजी?"

"तीन हप्ते झाले बापू. आपल्याला परक्या माणसानं सांगितलं." बालाजींचा आवाज चढला नाही, तो खोल गेला. "नोकरी गेली त्याची लाज न्हाई रे शिवा. आज कोणाची राहून राहिली? पण ही बाई तुझ्यासमोर पंधरा दिवस कुढून राहिली, अन् तू तिच्या हातची भाकरी खाऊन राहिला. म्या दुकान बंद करतो म्हणलं, तरी तुझं तोंड उघडलं न्हाई. तुझा कागद घरात पडून होता."

"दादा, मला तिथं बसायचं नव्हतं." शिवशंकर पायरीवरच खाली बसला आणि त्यानं चेहरा ओंजळीत घेतला. "तुमचे उपकार आहेत, सगळं आहे... पण मला त्या स्टुलाची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. तिथं बसलं की माणूस संपतो, दादा..."

"मंग ती?" बालाजी म्हणाले.

शिवशंकरनं हळूहळू ओंजळ खाली घेतली आणि दारात उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडं पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते प्रतिक्षाला सोसवलं नाही. तिनंच पदर डोळ्यांना लावला.

"चूक पोराची न्हाई," बापू म्हणाले. त्यांचा चष्मा हातात होता आणि चष्म्याशिवाय ते फार म्हातारे दिसत होते. "म्या हट्ट्याला पोरगी बघाया गेलोच न्हवतो. कागद बघाया गेलो होतो. घरात पोरगी आली, हे ध्यानातच घेतलं न्हाई म्या."

"बापू, असं नका बोलू..." प्रतिक्षा पुढं आली. "मला कुणाला अडकवायचं नव्हतं. यांना तर नाहीच. मला माहीत आहे तिथं कसं वाटतं. म्हणूनच म्हणते, मला नको ती नोकरी. अकरा महिन्यांसाठी यांचं आयुष्य..."

"नको काय?" नर्मदाबाई उठल्या. त्यांनी तिचा हात मनगटाशी धरला, ओढल्यासारखा. "काल तुला घाबरट म्हणले ना म्या? मंग आज मला खोटी पाड. सेवा माज्यापाशी राहील. पोर तापली तर मला काय कळत न्हाई? दोन वाढवलेत ना म्या." आणि मग, डोळे पुसत, "एकाला जरा कमीच अक्कल आली, पण वाढवले."

बालाजी त्याही अवस्थेत किंचित हसले.

शिवशंकर उठला. काही न बोलता माडीवर गेला. वरून पत्र्याची पेटी सरकवल्याचा आवाज आला. तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात त्याच्या प्रमाणपत्राची प्लॅस्टिकची फाईल होती. ती त्यानं भावापुढं धरली नाही. ती त्यानं प्रतिक्षाच्या हातात दिली.

"तूच लाव," तो म्हणाला. "माझ्यानं लावलं जाणार नाही."

"दोन वरीस," बालाजी म्हणाले. "तवर म्या कोणीतरी पक्का माणूस शोधतो. शिवा, माझी जबान हाय."

प्रतिक्षानं फाईल छातीशी धरली. दोन वर्षं... तिलाही कुणीतरी एकच वर्ष सांगितलं होतं. बालाजींचा शब्द खोटा नव्हता, पण या काळात कुणाच्या शब्दाच्या हातात काय उरलं होतं? तिची स्वतःची नोकरी तरी अकरा महिन्यांपलीकडं कुठं दिसत होती? तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ज्या माणसावर पंधरा दिवस तिचा जीव जळत होता, त्याच्याविषयी आता तिच्या अंतरात माया दाटून आली, आणि त्या मायेत कुठंतरी एक अपराधी, लपवावासा वाटणारा आनंदही होता. जायला मिळणार. उद्या नाही तर परवा, जायला मिळणार.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी कागदपत्रं पुरी झाली आणि ती रुजू झाली. आरोग्य केंद्राची औषध खिडकी लहान होती आणि खिडकीपुढं सकाळपासून रांग. रक्तदाबाच्या गोळ्या, लेकरांची जलसंजीवनीची पाकिटं, खोकल्याचं औषध. दीड वाजेपर्यंत तिला पाणी प्यायलाही सवड झाली नाही. हात गोळ्या देत होते, तोंड समजावत होतं, आणि मन दर पाच मिनिटांनी सेवापाशी जाऊन येत होतं. तिनं दोनदा सासूबाईंना फोन केला. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "आता केला तर म्या उचलत न्हाई. जेव."

सव्वादोनच्या पुढं ती डबा उघडून बसली तेव्हा शिवशंकरचा फोन आला.

"सेवा बरी आहे ना?" तिनं घाईनं विचारलं.

"बरी आहे. आईपाशी झोपलीय. दादा जेवायला गेलाय." तो थांबला. त्याच्यामागं फ्रीजची घरघर ऐकू येत होती. "एक वाजल्यापासून एक माणूस आला नाही प्रतिक्षा. नुसतं समोरचं घड्याळ दिसतं. मघाशी पाहिलं तेव्हा दोन वीस झाले होते, आता बघतो तर दोन तेवीस."

तिनं भाकरीचा घास मोडला.

"तू काय करायचीस गं... ह्या वेळेला?"

पाच वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. घास तिच्या हातातच राहिला. किती उत्तरं दाटून आली... रडायचे, असं सांगावं? सेवा पोटात असताना तिच्याशी बोलायचे, असं सांगावं? तुमचा फोन येईल म्हणून वाट पाहायचे, असं सांगावं? पण पलीकडं जो माणूस बसला होता त्याला आता हे ऐकवायचं नव्हतं. त्याला आणखी साडेपाच तास तिथं काढायचे होते. उद्याही काढायचे होते.

"स्टूल फिरवून घ्या," ती हलक्या आवाजात म्हणाली. "फ्रीजच्या बाजूला, थोडं तिरपं. घड्याळाकडं पाठ होते. रस्ता दिसतो."

मग फोनमध्ये फरशीवरून स्टुलाचे लोखंडी पाय खरखरत ओढले गेल्याचा आवाज आला.